राज्य कोणावर?

गेल्या वर्षीच्या भाऊबीजेची गोष्ट. नांदेडहून सकाळच्या एस.टी.ने निघालो तो लोहा, अहमदपूर, चाकूर अशी गावे मागे टाकीत लातूरला अक्काकडे पोहोचलो, तेव्हा उन्हे चांगली चढली होती. ओवाळणे झाले, जेवणे झाली. दाजी वामकुक्षीसाठी आत गेले आणि मी पुढल्या खोलीत पान जमवीत बसलो. दोघे भाचे शेजारीच होते. धाकटा अकरा वर्षांचा. त्याच्या हातात दाजींचा मोबाइल आणि मोबाइलात क्रिकेटचा सामना. थोरला सतरा वर्षांचा. तो धाकट्याच्या खांद्याला खांदा लावून, मान किंचित कलती करून ऐकत होता. चेंडू बॅटीला लागल्याचा आवाज झाला की तो विचारी, "काय झालं रे?" "चौका." पुन्हा आवाज. "आता काय व्हायलंय?" चार-सहा वेळा धाकट्याने उत्तरे दिली. मग सामना रंगात आला आणि त्याने उत्तरे देण्याचे सोडून दिले. थोरल्याने आणखी दोनदा विचारले आणि तो गप्प बसला.

थोरल्याला दृष्टिपटलाचा आजार आहे. आधी रातांधळेपणा आला, मग दृष्टीच्या कडा झिजत गेल्या. नळीतून पाहावे तेवढेच दिसू लागले, आणि दोन वर्षांपूर्वी तेही गेले. हा मुलगा पाचवीत असताना अंगणातल्या क्रिकेटचा कप्तान होता, हे सांगितले म्हणजे त्या खोलीतल्या गप्प बसण्याचा अर्थ वाचकांच्या ध्यानात येईल.

जरा वेळाने तो मला म्हणाला, "मामा, कंप्युटरवर मला एकट्याला खेळता येईल असा गेम असतो का हो?"

मी उत्तर देण्याआधी स्वयंपाकघरातून अक्काचाच आवाज आला, "त्याच्या डोक्यात खेळाचं भरवू नकोस रे बाबा. बारावीचं वर्ष आहे." लातुरात बारावीचे वर्ष म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक आहे, ते अक्काला दोष देणार नाहीत. ज्या गावाने परीक्षेच्या अभ्यासाला आपले नावच देऊन टाकले आहे, त्या गावात खेळ हा शब्दसुद्धा आईला हळू आवाजात उच्चारावा लागतो. मी म्हणालो, "बघतो." आम्हा प्राध्यापकांच्या तोंडी हा शब्द फार स्वस्त असतो. पण नांदेडला परतताना बसमध्ये त्या पोराचा "एकट्याला" हा शब्द काही केल्या माझ्या मनातून जाईना.

आता आमची अडचण ऐका. दाजींनी थोरल्याला एक जुना लॅपटॉप घेऊन दिला होता. त्यातल्या विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवला आणि पुढची आवृत्ती त्या म्हाताऱ्या यंत्राला पेलण्यासारखी नव्हती. म्हणून शेजारच्या एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने त्यात उबुंटू बसवून दिले होते. उबुंटू म्हणजे लिनक्सच्या घराण्यातली प्रणाली. लिनक्सचा जन्म १९९१ सालचा. फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने तिचा गाभा लिहिला आणि जगाला मोकळा करून दिला. फुकट मिळते, आतली लिपी कोणीही वाचावी, दुरुस्त करावी, दुसऱ्याला द्यावी. हे सारे उत्तम. पण बाजारातले बहुतेक खेळ लिहिले जातात ते विंडोजसाठी नाही तर मोबाइलसाठी. म्हणजे आधीच आंधळा, त्यात लिनक्सवाला!

मी नांदेडच्या एका दुकानात जाऊन विचारले. दुकानदार सज्जन होता. तो म्हणाला, "सर, आंधळ्याला गेम कशाला? गाणी भरून देतो की पाचशे." दुसऱ्या दुकानात याच उत्तराला हसण्याची जोड मिळाली. तेव्हा मला आठवण झाली ती माझ्याच वर्गाची. कस्तुरीमृगाची गोष्ट दरसाल शिकवतो, आणि बी.ए.च्या दुसऱ्या वर्षात पहिल्या बाकावर बसणारा माझा जन्मांध विद्यार्थी मला आठवू नये! तास संपल्यावर मी त्याला गाठले. तो म्हणाला, "सर, आधी ओर्का काय ते समजून घ्या. मग गेम."

ओर्का हे पडदा वाचून दाखवणाऱ्या एका कार्यक्रमाचे नाव. सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीत मार्क मुल्काही या स्वतः अंध असलेल्या तंत्रज्ञाने त्याचा आरंभ केला आणि २००६ पासून तो लिनक्सच्या ग्नोम या मांडणीत अधिकृतपणे आला. विंडोजवर याच कामासाठी हजारो रुपये किमतीचा 'जॉज' नावाचा कार्यक्रम पूर्वीपासून आहे. जॉज म्हणजे चित्रपटातला तो शार्क. वाचक-कार्यक्रमांना जलचरांची नावे देण्याची रीतच पडून गेलेली, म्हणून याचे नाव देवमाशाच्या जातीतल्या ओर्कावरून. उबुंटूत तो आधीपासूनच असतो. तीन कळा एकदम दाबल्या की जागा होतो.

"मग खेळ का वाचत नाही तो?" मी विचारले.

त्याने दिलेले उत्तर मी माझ्या शब्दांत सांगतो. आपल्या स्वयंपाकघरात डब्यांवर चिठ्ठ्या लावलेल्या असतात ना? हळद, जिरे, साबुदाणा. संगणकाच्या साध्या कार्यक्रमांत पडद्यावरच्या प्रत्येक बटणाला, यादीला, चौकटीला आतून अशीच एक चिठ्ठी चिकटवलेली असते. ओर्का चित्र पाहत नाही, तो चिठ्ठ्या वाचतो. खेळ बनवणारे मात्र सबंध पडदा स्वतःच रंगवतात. त्या चित्रात डबे हुबेहूब दिसतात, पण चिठ्ठी एकावरही नसते. ओर्काच्या दृष्टीने ती कोरी भिंत. म्हणून जितका खेळ देखणा, तितका आंधळ्याला मुका. याउलट जे खेळ नुसत्या शब्दांचे, जिथे यंत्र एक वाक्य लिहिते आणि खेळणारा एक वाक्य टंकून उत्तर देतो, ते ओर्काला वर्तमानपत्राइतके सोपे. असे खेळ पन्नास वर्षांपूर्वीचे आहेत आणि लिनक्सवाल्यांनी ते टाकून न देता जतन केले आहेत. एका जुन्या पेटाऱ्यात ते सगळे एकत्र मिळतात, दमडीही न मोजता.

त्या पेटाऱ्यातला पहिला खेळ गुहेचा. विल क्राउदर नावाचा एक अमेरिकन संगणकतज्ज्ञ. त्याला गुहा धुंडाळण्याचा नाद होता, आणि केंटकीतली मॅमथ केव्ह ही अफाट गुहा त्याने पायाखाली घातलेली. घटस्फोट झाला, मुली दुरावल्या. त्यांना खेळण्यासाठी त्याने १९७५-७६ च्या सुमारास त्या गुहेचा शब्दांतला खेळ रचला. पुढे डॉन वुड्सने १९७७ मध्ये तो वाढवला. तुम्ही "उत्तरेला", "दिवा घे" असे दोन शब्द इंग्रजीत टंकायचे. यंत्र सांगते, तुम्ही आता कुठे आहात. बस्स, एवढेच. बापाने मुलींसाठी केलेला हा खेळ आहे हे कळले आणि मला तो एकदम जवळचा वाटू लागला.

भाच्याला नेऊन देण्याआधी आपण खेळून पाहावे म्हणून मी घरी लॅपटॉपचा पडदा काळा केला, कानांत यंत्रे घातली आणि बसलो. ओर्काचा आवाज 'ईस्पीक' नावाच्या वाचकाचा. नाकात बोलणारा, घाईचा, पाढे म्हणणाऱ्या पोरासारखा एकसुरी. अर्ध्या तासात मी गुहेत असा काही हरवलो की जिथून निघालो तिथेच पाच वेळा आलो. आमची सौभाग्यवती चहा घेऊन आली तेव्हा मी काळ्या पडद्यासमोर डोळे मिटून हातवारे करीत होतो. "पेपर तपासायचे राहिले आहेत," एवढेच ती म्हणाली.

डिसेंबरात पुन्हा लातूर. थोरला टेबलाशी बसला. कळा दाबताच यंत्र बोलू लागले तशी अक्का देवघरातून धावत आली, "कोण आलंय?" थोरल्याने पहिल्या पाच मिनिटांत काय केले असेल? त्याने आवाजाची गती वाढवली. आणखी वाढवली. शेवटी मला ते कढईत मोहरी तडतडावी तसे ऐकू येऊ लागले आणि तो मात्र शांतपणे मान हलवीत होता. कानांना सवय झाली की शब्द त्या वेगातही सुटे ऐकू येतात म्हणे. गुहेच्या तोंडाशी तो माझ्यापेक्षा निम्म्या वेळात पोहोचला. आत शिरल्यावर यंत्राने बजावले की दिव्याशिवाय पुढे गेलास तर खड्ड्यात पडशील. यावर तो खो खो हसत सुटला. "मामा, इथंबी दिवा लागतोच का?" पुढे त्या दिव्याची बॅटरी संपली आणि तो खड्ड्यात पडून मेला तेव्हा मात्र खरोखर चिडला. मी पडद्यावर डोकावून त्याला वाट सांगू लागलो. त्याने हात वर केला. "तुम्ही सांगू नका. मला सापडू द्या."

मी खुर्ची मागे घेतली.

त्याला सर्वांत आवडला तो दुसराच खेळ. ग्रेगरी योब याने १९७३ मध्ये रचलेला वंपसच्या शिकारीचा. वीस खोल्या, प्रत्येक खोलीतून तीन वाटा, आणि कुठेतरी वंपस नावाचा राक्षस झोपलेला. तो दिसत नाही, जवळच्या खोलीत असला की त्याचा दर्प येतो. खड्डा जवळ असला की वाऱ्याची झुळूक लागते. वटवाघळे असली तर त्यांची फडफड ऐकू येते. या खुणांवरून अंदाज बांधायचा आणि बाण सोडायचा. हुकला तर राक्षस जागा होण्याची भीती. डोळसांनी डोळसांसाठी केलेला हा खेळ, पण त्यात डोळ्यांना काही कामच ठेवलेले नाही! नाक, त्वचा आणि कान. भाचा वीस खोल्यांचा नकाशा डोक्यात ठेवून खेळतो. मला त्यासाठी कागद लागतो. धाकटाही हळूहळू शेजारी येऊन बसू लागला. त्याला या खेळात चित्र नाही याचे आधी फार नवल वाटले, मग चुरस लागली. आंधळ्या कोशिंबिरीत डोळ्यांवर फडके बांधले म्हणजे राज्य येते. इथे फडके दोघांनाही सारखेच.

सगळेच असे सुरळीत झाले असे मात्र नाही. शब्दांचे म्हणून सांगितलेले काही खेळ पडद्यावर अक्षरांचीच नक्षी काढतात आणि एकेका हालचालीसरशी सबंध पडदा पुन्हा रंगवतात. ओर्का त्यातून ठिपके, उद्गारचिन्हे आणि कंस वाचत सुटतो. एक-दोन खेळ बसवण्यातच माझे रविवार गेले. साउंडआरटीएस हा एका फ्रेंच माणसाने केलेला आवाजी लढाईचा खेळ मात्र आम्हा दोघांना पटला. त्यात डाव्या कानात लाकूडतोड्याची कुऱ्हाड, उजव्या कानात शत्रूची चाहूल, आणि कळफलकावरून फौज हलवायची. मुक्त लिपीचा खरा अर्थही मला अशा खेळांमुळेच कळला. क्वेक नावाचा बंदुकीचा प्रसिद्ध खेळ १९९६ चा. १९९९ मध्ये त्याची आतली लिपी त्याच्या कंपनीने खुली केली, म्हणून पुढे काहींना त्यात आवाजाच्या खुणा भरून 'ऑडिओक्वेक' करता आला. लिपी कुलपात असती तर तो खेळ आंधळ्यांना कायमचा मुकाच राहिला असता.

आणि हे सारे सातासमुद्रापलीकडचेच लोक करतात असे कोणी समजू नये. टी. व्ही. रामन यांचा जन्म १९६५ चा, ते पुण्यात वाढले. चौदाव्या वर्षी काचबिंदूने दृष्टी गेली. वाडिया कॉलेजातून गणित घेऊन पदवी, मग मुंबईची आय.आय.टी., मग अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाची पीएच.डी. त्यांनी १९९५ मध्ये 'ईमॅक्सस्पीक' हा बोलका कार्यक्रम मुक्त करून दिला. पडद्यावरची अक्षरे नुसती वाचण्यापेक्षा त्यांचा अर्थ बोलून दाखवणारी ही संगणकातली बैठकच म्हणाना. त्यात पत्रे, लेख, आज्ञावली यांची सोय तर आहेच, पण गृहस्थाने सुडोकू आणि टेट्रिस यांनाही वाचा दिली! मी हे अक्काला मुद्दाम सांगितले. आय.आय.टी. हा शब्द लातुरात वाया जात नाही. "एवढा शिकलेला माणूस आणि गेम?" असे ती म्हणाली, पण त्या दिवसापासून तिने टेबलावरचा लॅपटॉप झाकून ठेवणे बंद केले.

बुद्धिबळाचे तर विचारूच नका. चारुदत्त जाधव हे मुंबईचे. तेराव्या वर्षी त्यांचे डोळे गेले. पुढे ते बुद्धिबळपटू झाले, अंधांच्या अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाची उभारणी केली आणि अंधांसाठी 'टॉक-६४' हा बोलका बुद्धिबळाचा कार्यक्रमही तयार केला. तो विंडोजवरचा असल्याने आमच्या उपयोगाचा नव्हता. पण लिचेस नावाचे मुक्त लिपीचे बुद्धिबळाचे एक ठिकाण इंटरनेटवर २०१० पासून आहे. डोळसांना तिथे न दिसणारा, ओर्कालाच सापडणारा एक दुवा ठेवलेला आहे; तो दाबला की पटाचे चित्र जाऊन शब्द येतात, आणि खेळी टंकून खेळता येते. समोरच्या खेळाडूला कळतही नाही की आपला प्रतिस्पर्धी आंधळा आहे. भाच्याला हे फार भावले. अंधांचा लाकडी पटही मी त्याला आणून दिला. काळी घरे किंचित उंच, प्रत्येक घराला छिद्र, सोंगटीखाली खुंटी, आणि एका रंगाच्या सोंगट्यांच्या डोक्यावर बोटाला लागेल असे टोक. स्पर्धेत दोघांचे दोन पट असतात आणि खेळी मोठ्याने सांगतात. उभ्या पट्ट्यांना ॲना, बेला, सीझर, डेव्हिड अशी माणसांची नावे, म्हणजे ऐकण्यात घोटाळा नको. हांगझोऊच्या पॅरा एशियाडमध्ये २०२३ साली पूर्ण अंध पुरुषांच्या गटातली सुवर्ण, रौप्य आणि कांस्य ही तिन्ही पदके आपल्या मुलांनी आणली, दर्पण इनानी त्यांत पहिला. हे थोरल्याला तोंडपाठ आहे. माझ्या विषयातले अलंकारही इतके पाठ असते तर!

एके दिवशी तो म्हणाला, "मामा, गुहा बघून झाली. आपल्याकडचा गेम करा की. मराठीत."

मी दचकलो. वीस वर्षे मराठी शिकवतो आहे. पण या भाषेत कोणाला खेळवावे हे कधी सुचले नव्हते. माझा बी.ए.चा विद्यार्थी पायथॉन नावाच्या संगणकभाषेत थोडेफार लिहितो. त्याने यंत्राची बाजू घेतली, मी शब्दांची. ठरले असे की एक जुना मराठवाडी वाडा करायचा. ढेलज, बैठक, लादणी, भिंतीतले बळद, वर माळवद, मागे आड, आणि जमिनीखाली धान्याचे पेव. पेवात काहीतरी पुरलेले.

पहिलाच घाव व्याकरणाचा बसला. इंग्रजीत क्रियापद आधी येते, म्हणून यंत्र पहिला शब्द पाहून काय करायचे ते ठरवते. मराठीत माणूस म्हणतो, "कंदील घे", "जिना चढ". क्रियापद शेवटी. ते एक वेळ सोपे. शेवटचा शब्द पाहा म्हटले. पण आमचे सामान्यरूप! वस्तूचे नाव 'पेटी', पण खेळणारा म्हणणार "पेटीत बघ". नाव 'जिना', पण "जिन्याखाली शोध". 'आड', "आडात डोकाव". यंत्राला पेटी ठाऊक, पेटीत ठाऊक नाही. विभक्तीचे कोष्टक मुलांकडून घोकून घेताना जे समाधान वाटे, त्याचा हा सूड असावा. प्रत्येक नामाची सारी रूपे यादीत हाताने भरावी लागली. "मामाच्या शिकवणीला कंप्युटर बसलाय," असे धाकटा म्हणे.

व्याकरणापेक्षा मोठा धक्का पुढेच होता. मी ढेलजेचे वर्णन हौसेने लिहिले होते: काळाभोर दरवाजा, कोरीव चौकट, आत दाट अंधार. भाच्याने ऐकले आणि म्हणाला, "मामा, हे सगळं डोळ्याचं झालं. अंधार आहे म्हणता, अंधार काय, मला सगळीकडंच आहे. गार आहे का? बोललं तर आवाज घुमतो का? पायाखाली फरशी हाय का शेणसारवण?" मी गप्प झालो. माझी वाक्ये मी पुन्हा तपासली. विशेषणे सारी रंगाची नि आकाराची. सहा वर्षे ज्या पेपरात मी 'वर्णनशैली' शिकवतो त्यात डोळ्याखेरीज कोणाला शिरकावच नव्हता.

मग आम्ही तिघे एका सुट्टीत माझ्या आजोळच्या गावी गेलो. वाडा पडायला आलेला आहे, पण ढेलज उभी आहे. थोरला भिंतीला हात लावीत सगळीकडे फिरला. ढेलजेत त्याने टाळी वाजवली, बैठकीत वाजवली, बळदाच्या तोंडाशी तोंड नेऊन ओरडला. माळवदावर धाबे दबते कुठे हे त्याने पावलांनी सांगितले. लादणीत शिरताच म्हणाला, "इथं ज्वारी होती." दहा वर्षांत तिथे ज्वारीचा दाणा पडलेला नाही. जन्मांध विद्यार्थ्याने आडात खडा टाकून कान लावला आणि पाण्याची खोली अदमासे सांगितली. मी वहीत लिहीत होतो. बऱ्याच वर्षांनी कोणाचे तरी टिपण घेतले.

खेळात आता अकरा खोल्या झाल्या आहेत. ईस्पीकचा मराठी आवाज इंग्रजीपेक्षाही रुक्ष. 'ढेलज' म्हणताना तो कोणालातरी दटावल्यासारखा वाटतो. अक्काने परवा फोन केला, बारावीचा निकाल बरा लागला हे सांगायला. आणि सांगता सांगता म्हणाली की पेवाचे तोंड तुम्ही चुकीच्या बाजूला ठेवले आहे, आपल्या वाड्यात ते ढेलजेच्या उजव्या हाताला होते. तिला हे कसे कळले असे मी विचारले. "रात्री दोघं झोपल्यावर खेळले," ती म्हणाली.

थोरल्याची चुकांची यादीही आली आहे. बळदातला उंदीर फार लवकर पळतो. आडाच्या रहाटाचा आवाज शब्दांत बसला नाही, पुन्हा लिहा. आणि "दिसते" हा शब्द अजून चार ठिकाणी राहिला आहे. भाऊबीजेला जाण्याआधी तेवढे चार काढायचे आहेत, तीन सापडले.